लिंकच्या पोटात काय असतं? २०२५ मध्ये ॲपकडे जाणारे रस्ते कसे बदलले

२०२५ या एका वर्षात लिंकशी संबंधित चार मोठ्या गोष्टी घडल्या. आपण त्या चार वेगवेगळ्या बातम्या म्हणून वाचल्या आणि विसरलो.

३० जूनपर्यंत यूपीआय ॲप्सना एक बदल करायचा होता: पैसे घेणाऱ्याचं नाव दाखवताना बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं. २५ ऑगस्टला गूगलने फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा बंद केली. १ ऑक्टोबरपासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला 'पैसे पाठवा' अशी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवणं थांबलं. आणि ३१ ऑक्टोबर ही बँकांनी आपल्या वेबसाइट 'बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर नेण्याची रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत होती.

पहिल्या बातमीत नाव, दुसरीत डेव्हलपरची डोकेदुखी, तिसरीत फसवणूक, चौथीत वेबसाइट. पण माझ्या मते चारही ठिकाणी प्रश्न एकच होता: बाहेरून आलेली लिंक किंवा मागणी आपल्यासोबत जी माहिती घेऊन येते, तिच्यावर फोनने विश्वास ठेवायचा का, आणि ठेवायचा तर कितपत?

मी हिंगण्यात राहतो, ॲप बनवणं हे माझं रोजचं काम. त्यातला बराच वेळ याच एका प्रश्नावर जातो. म्हणून आज लिंक उघडून आतलं सामान बघूया.

प्रश्नचिन्हाच्या पुढे काय असतं?

कुठलीही लांब लिंक घ्या. मध्ये कुठेतरी प्रश्नचिन्ह दिसेल. प्रश्नचिन्हाच्या आधी असतो पत्ता: कुठे जायचं. प्रश्नचिन्हानंतर असते माहिती: तिथे जाऊन काय सांगायचं. ही माहिती जोड्यांमध्ये असते. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. दोन जोड्यांच्या मध्ये '&' हे चिन्ह.

सगळ्यात सोपं उदाहरण व्हॉट्सॲपचं. 'डब्ल्यूए डॉट मी', पुढे ९१ लावून मोबाइल नंबर, मग प्रश्नचिन्ह, मग 'टेक्स्ट=' आणि संदेश. अशी लिंक दाबली की व्हॉट्सॲप उघडतं, त्या नंबरचं चॅट समोर येतं आणि संदेश आधीच लिहिलेला असतो. इन्स्टाग्रामवर केक विकणाऱ्या ताईच्या बायोमध्ये 'ऑर्डर करा' दाबल्यावर जे होतं, ते हेच. वेबवरची माहिती लिंकमधून ॲपमध्ये गेली. यालाच डीप लिंक म्हणतात: ॲपचं फक्त दार न उघडता थेट आतल्या खोलीत नेणारी लिंक.

इथे आपल्यासाठी एक खास गंमत आहे. लिंकमध्ये फक्त ठरावीक रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात. मराठी शब्द टाकला की त्यातलं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांनी भरलेल्या नऊ रोमन चिन्हांत बदलतं. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात चिन्हं मोजली जातात, म्हणून लिंकमध्ये तो ६३ चिन्हांचा होतो. म्हणून मराठी संदेश असलेली लिंक एवढी लांब आणि अगम्य दिसते. तिचा क्यूआर छापला तर ठिपके जास्त दाट होतात, आणि खराब छपाई असेल तर स्कॅन व्हायला त्रास देतात. लिंक विचित्र दिसते म्हणजे ती खोटीच, असं नाही. मराठी लिहिलं तर ती तशीच दिसणार.

आता यूपीआय बघा. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर जो क्यूआर चिकटवलेला असतो, तो स्कॅन केल्यावर आत एक लिंकच निघते. सुरुवात 'यूपीआय', मग कोलन, दोन तिरप्या रेषा, 'पे', प्रश्नचिन्ह. पुढे जोड्या: 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, 'पीएन' म्हणजे त्याचं नाव, 'एएम' म्हणजे रक्कम, 'सीयू' म्हणजे चलन, 'टीएन' म्हणजे टीप. रक्कम रिकामी असेल तर तुम्ही टाकता, भरलेली असेल तर ती समोर तयार येते. ऑनलाइन खरेदी करताना 'फोनपेने पैसे द्या' दाबल्यावर रक्कम आपोआप दिसते, ती अशाच लिंकमधून आलेली असते.

आता 'पीएन' कडे परत बघा. नाव लिंकमध्ये आहे. म्हणजे लिंक बनवणाऱ्याने जे लिहिलं ते. तिथे 'महावितरण' लिहिता येतं, 'आरटीओ नागपूर' लिहिता येतं. ही लिंक बनवायला कोणाची परवानगी लागत नाही, नोटपॅडमध्येही बनते. मुद्दा इथून सुरू होतो.

पहिला रस्ता: कोणीही हात वर करू शकतो

लिंकमधून ॲप उघडण्याचा सगळ्यात जुना रस्ता म्हणजे स्कीम. लिंकची सुरुवात 'एचटीटीपीएस' ऐवजी वेगळ्या शब्दाने होते: 'टेल' असेल तर फोन लावायचं ॲप, 'मेलटू' असेल तर मेल, 'जिओ' असेल तर नकाशा, 'यूपीआय' असेल तर पेमेंट ॲप. ॲप इन्स्टॉल होताना अँड्रॉइडला सांगतं की या शब्दाच्या लिंक मी उघडतो. बस एवढंच. हा शब्द खरंच तुझा आहे का, असं कोणी विचारत नाही.

वर्गात सरांनी 'हे कोणाचं आहे?' विचारलं आणि चार जणांनी हात वर केले, तशी ही परिस्थिती. अँड्रॉइड चारही नावं तुमच्यासमोर ठेवतं आणि तुम्ही निवडता. आयफोनवर एकाच शब्दावर दोन ॲप्सनी दावा केला तर कोणतं उघडेल हे निश्चित नसतं. म्हणून आयफोनवर खरेदी करताना बऱ्याचदा 'यूपीआय' असं एकच बटण नसतं, प्रत्येक ॲपचं वेगळं चिन्ह असतं. प्रत्येक ॲपने स्वतःचा वेगळा शब्द ठेवलाय.

या रस्त्याचा धोका जगाला २०१२ च्या सप्टेंबरमध्ये चांगलाच दिसला. रवी बोरगावकर हे संशोधक तेव्हा बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात काम करत होते. अर्जेंटिनातल्या एकोपार्टी परिषदेत त्यांनी दाखवलं की 'टेल' लिंकमध्ये फोन नंबरऐवजी स्टार आणि हॅश असलेला खास कोड ठेवला, तर काही सॅमसंग फोन तो कोड न विचारता चालवतात. त्यातला एक कोड फोन पूर्ण पुसून टाकणारा होता. म्हणजे एखादं वेबपान उघडलं की फोटो, नंबर, सगळं साफ. सॅमसंगने अपडेट देऊन हे बंद केलं. आज लिंक दाबल्यावर डायलरमध्ये नंबर फक्त लिहिला जातो, हिरवं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. हे एक जास्तीचं बटण आपल्याला कटकटीचं वाटतं. पण लिंकने माहिती आणावी, निर्णय माणसाने घ्यावा, हा धडा त्या बटणात आहे.

लॉगिनमध्येही हाच घोळ होता. 'गूगलने लॉगिन करा' दाबलं की ब्राउझर उघडतो, तुम्ही होकार देता, आणि एक तात्पुरता कोड लिंकमधून ॲपकडे परत येतो. त्याच शब्दावर दुसऱ्या एखाद्या वाईट ॲपनेही दावा केला असेल तर? कोड त्याच्या हातात जाऊ शकतो. यावर सप्टेंबर २०१५ मध्ये पीकेसीई नावाचा उपाय प्रमाणित झाला. ॲप लॉगिन सुरू करताना स्वतःकडे एक गुपित ठेवतं आणि कोड वापरताना ते दाखवावं लागतं. चोराच्या हाती कोड लागला तरी गुपित नसतं, त्यामुळे कोड निरुपयोगी ठरतो.

दुसरा रस्ता: दोन्हीकडून सही

२०१५ मध्येच ॲपलने आयओएस ९ मध्ये युनिव्हर्सल लिंक्स आणल्या आणि गूगलने अँड्रॉइड ६ मध्ये ॲप लिंक्स. कल्पना साधी आहे. लिंक नेहमीसारखी 'एचटीटीपीएस' ची. पण ती ॲपमध्ये उघडायची असेल तर दोघांची सही लागते. ॲप म्हणतं, 'ही वेबसाइट माझी.' आणि वेबसाइट एका ठरलेल्या फोल्डरमध्ये छोटी फाइल ठेवून म्हणते, 'हो, हे ॲप माझं.' अँड्रॉइडच्या बाबतीत त्या फाइलमध्ये ॲपच्या डिजिटल सहीचा ठसाही असतो, म्हणजे त्याच नावाचं नकली ॲप बनवून चालत नाही. दोन्ही बाजू जुळल्या तरच लिंक थेट ॲपमध्ये जाते. ॲप नसेल तर तीच लिंक ब्राउझरमध्ये साधं वेबपान म्हणून उघडते.

अँड्रॉइड १२ पासून हा नियम आणखी कडक झाला. पडताळणी झालेली नसेल तर वेब लिंक थेट ब्राउझरमध्ये जाते, 'कशात उघडू?' हा प्रश्नही येत नाही. तुमच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन एखाद्या ॲपची माहिती उघडा. 'डिफॉल्टने उघडा' अशा नावाचा पर्याय असेल. त्यात ते ॲप कोणत्या वेबसाइटच्या लिंक उघडतं याची यादी दिसते. एकदा नक्की बघा.

या रस्त्यात विश्वास कशावर बांधलाय? वेबसाइटच्या पत्त्यावर. पत्ता ज्याच्या मालकीचा, लिंक त्याची. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचा 'बँक डॉट इन' चा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, कोणीही जाऊन विकत घेऊ शकत नाही. आता सामान्य माणसाला एकच गोष्ट तपासायची आहे: पत्त्याचा शेवट.

तिसरा रस्ता: ॲपच नसेल तर?

आता खरी अडचण. मित्राने तुम्हाला रेफरल लिंक पाठवली. तुमच्याकडे ॲप नाही. तुम्ही प्ले स्टोअरवर गेलात, ॲप उतरवलं, उघडलं. आता या नव्याकोऱ्या ॲपला कसं कळणार की तुम्ही मित्राच्या लिंकवरून आलात? मधल्या मध्ये माहिती गळून पडते. ही माहिती सांभाळून ठेवणं म्हणजे डिफर्ड डीप लिंकिंग.

२०१६ मध्ये आलेल्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स हे काम फुकट करत होत्या. 'पेज डॉट लिंक' ने संपणारे पत्ते तुम्ही पाहिले असतील. ॲप असेल तर ॲपमध्ये, नसेल तर स्टोअरमध्ये, आणि इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा नेमक्या पानावर. कॉलेजच्या फेस्टचं ॲप असो, तालुक्यातलं किराणा पोचवणारं ॲप असो की क्लासचं ॲप, छोट्या टीमसाठी हा मोठा आधार होता. गूगलने २०२३ मध्ये ही सेवा बंद करणार असं सांगितलं आणि २५ ऑगस्ट २०२५ ला ती बंद झाली. त्यानंतर त्या लिंक उघडल्या की 'पान सापडलं नाही' अशी चूक येते.

मोठ्या कंपन्यांनी दोन वर्षांत रस्ता बदलला. त्यांच्याकडे माणसं होती, पैसे होते. अडकले ते छोटे. हिंगणा रोडवर एका क्लासने वर्षभराच्या पत्रकांवर आणि वह्यांच्या मागे असाच क्यूआर छापला होता. ॲप ज्याने बनवलं तो मुलगा नोकरीला पुण्यात गेलेला. ऑगस्टअखेर मला फोन आला, 'भाऊ, क्यूआर मारला की काहीच येऊन नाही राहिलं, जरा पाहा ना.' पाहून काय करणार? छापलेला क्यूआर दुरुस्त होत नाही. त्याच्या आतला पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा होता, आणि मालकाने दुकान बंद केलं होतं. ॲप नीट चालत होतं, सर्व्हर चालत होता, फक्त त्याच्याकडे जाणारा रस्ता बुजला होता. त्या क्लासने पत्रकं पुन्हा छापली.

माझ्या मते फुकट सेवेची खरी किंमत इथे दिसते. गूगलने काही लबाडी केली नाही, दोन वर्षं आधी सांगितलं. पण ती सूचना डेव्हलपरच्या मेलवर गेली. वहीवर क्यूआर छापणाऱ्या क्लासमालकापर्यंत ती पोचण्याची व्यवस्थाच नव्हती.

मग आता पर्याय काय? अँड्रॉइडवर एक बरा पर्याय आहे. प्ले स्टोअरच्या लिंकमध्ये 'रेफरर' नावाची जोडी ठेवता येते. स्टोअर ती सांभाळतं आणि ॲप इन्स्टॉल झाल्यावर विचारलं तर परत देतं. ही माहिती ९० दिवस उपलब्ध असते. यात अंदाज नाही, अनोळखी कंपनी नाही. आयफोनवर ॲप स्टोअर अशी चिठ्ठी पोचवत नाही. तिथे लिंक क्लिपबोर्डवर कॉपी करून ठेवायची आणि ॲप उघडल्यावर वाचायची, अशी युक्ती चालायची. आयओएस १६ पासून दुसऱ्या ॲपमधून कॉपी केलेलं वाचायला फोन तुमची परवानगी मागतो. नवीन ॲपने उघडल्या उघडल्या 'पेस्ट करू का?' असं विचारलं तर त्यामागे हे कारण असू शकतं.

तिसरा पर्याय अंदाजाचा. लिंक दाबताना तुमचा आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, वेळ टिपून ठेवायची. थोड्या वेळाने तसाच कोणी ॲप उघडताना दिसला तर तोच हा, असं मानायचं. आता वानाडोंगरीच्या एखाद्या इंजिनिअरिंग हॉस्टेलची कल्पना करा. एकच वायफाय, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यांचा आयपी पत्ता एकच. त्यात चार जणांकडे सेलमध्ये घेतलेला सारखाच फोन. रात्री नऊला सगळ्यांनी तेच ॲप उतरवलं. तुमच्या रेफरलचे शंभर रुपये शेजारच्या खोलीतल्या मुलाला का गेले, याचं उत्तर इथे असू शकतं. शंभर रुपयांपुरतं ठीक आहे. पण याच अंदाजावर एखाद्या ॲपने तुम्हाला दुसऱ्याचं ग्रुपचं आमंत्रण किंवा दुसऱ्याची ऑर्डर दाखवली तर? म्हणून अंदाजाने जुळवलेल्या माहितीवर खासगी काहीही उघडू नये, हा नियम हवा.

यूपीआयने काय शिकवलं?

आता पुन्हा 'पीएन' कडे. एनपीसीआयने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकाचा गाभा असा: दोन व्यक्तींमधल्या आणि छोट्या दुकानदारांना होणाऱ्या व्यवहारांत पैसे देण्याआधी ॲपने बँकेकडून मिळालेलं नावच दाखवायचं. क्यूआरमधून उचललेलं नाव नाही. म्हणजे लिंकमध्ये 'महावितरण' लिहिलेलं असलं तरी पडद्यावर खातेदाराचं खरं नाव यायला हवं. लिंकमधल्या माहितीला 'दावा' समजा, पुरावा दुसरीकडून आणा, असं हे सरळ धोरण.

कलेक्ट रिक्वेस्टचं उदाहरण जरा वेगळं. तिथे समोरचा माणूस थेट तुमच्या ॲपमध्ये मागणी ढकलत होता. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असं सांगून फसवणूक व्हायची. व्यक्ती ते व्यक्ती कलेक्ट बंद झाल्याने तो दरवाजा मिटला. पण माझा अंदाज असा, की ठग आता लिंक आणि क्यूआरकडे जास्त वळतील, कारण रक्कम भरलेली लिंक दिसायला जवळपास तशीच असते. फरक एवढाच, की इथे दाबायचं काम तुम्ही करता. म्हणून जुना नियम तसाच लागू: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

दुकानदारांसाठीही यात एक गोष्ट आहे. पेमेंट झाल्यावर यूपीआय ॲप मूळ ॲपला 'यशस्वी' असा निरोप देतं. हा निरोपही फोनमधूनच येतो, आणि फोन ग्राहकाच्या हातात आहे. तो बनावट असू शकतो. पैसे आले की नाही हे बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडूनच विचारायचं. टपरीवरचा साउंडबॉक्स हेच करतो: ग्राहकाचा पडदा बघत नाही, सर्व्हरकडून खबर आली की बोलतो.

ॲपच्या आत आल्यावरही तपासणी

लिंक योग्य ॲपमध्ये पोचली म्हणजे सगळं झालं का? नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी टिकटॉकच्या अँड्रॉइड ॲपमधली चूक जाहीर केली. भारतात टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे, पण उदाहरण शिकण्यासारखं. खास बनवलेली लिंक दाबली की ॲप आपल्या आतल्या ब्राउझरमध्ये हल्लेखोराचं वेबपान उघडत होतं, आणि त्या पानाला ॲपच्या काही आतल्या अधिकारांपर्यंत पोचता येत होतं. एका क्लिकमध्ये खातं हातातून जाऊ शकत होतं. ही चूक जाहीर होण्याआधीच दुरुस्त झाली होती. ॲपमध्ये आणलेली लिंक कुठली आहे, हे ॲपने नीट पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे यापेक्षा साधी चूक जास्त दिसते. लिंकच्या शेवटी तुमचा रोल नंबर, आणि तो लिंकमध्ये बदलला की दुसऱ्याचा निकाल. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका खासगी संस्थेच्या ॲपमध्ये असंच झालं. तिची फी बाकी असल्याची नोंद वर्गातल्या कोणीतरी नंबर बदलून पाहिली आणि ग्रुपवर टाकली. तिच्यासाठी ही डेटा चोरी नव्हती, बदनामी होती. आणि यात 'हॅकिंग' काहीच नाही. लिंकमध्ये आलेला नंबर या लॉगिन केलेल्या माणसाचाच आहे का, एवढा एक प्रश्न सर्व्हरने विचारला नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर छोट्या ॲप बनवणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: लिंकमध्ये मोबाइल नंबर, आधार, जन्मतारीख कधीच ठेवू नये. लिंक ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या नोंदीत राहते, आणि फॉरवर्ड तर होतेच.

मग तुम्ही काय कराल?

फोन वापरणाऱ्यांसाठी:

१. पत्ता उजवीकडून वाचा. 'एचटीटीपीएस' नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग हा पत्ता, आणि त्याचा शेवट महत्त्वाचा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची अधिकृत वेबसाइट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' ने संपते. सुरुवातीला 'लाडकी बहीण' लिहिलंय आणि शेवट भलताच असेल, तर ती सरकारी नाही.

२. पेमेंट करताना पडद्यावरचं बँकेतलं नाव वाचा. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा सरळ विचारा. दोन सेकंद लागतात.

३. लिंक दाबल्यावर ॲपऐवजी एपीके फाइल उतरत असेल तर तिथेच थांबा. 'चलान', 'लग्नपत्रिका', 'वीजबिल' असं काहीही नाव असो. ट्रायच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमध्ये नोंदणी नसलेल्या लिंक आणि एपीके अडवल्या जातात. व्हॉट्सॲपला ती चाळणी लागू नाही.

४. यूट्यूबची छोटी लिंक शेअर करताना शेवटी 'एसआय=' आणि इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये 'आयजीएसएच=' दिसेल. व्हिडिओ उघडायला ती लागत नाही, ती शेअर कुठून झालं याचा माग ठेवण्यासाठी असते. तेवढा भाग पुसून पाठवला तरी चालतं.

५. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकतात.

ॲप बनवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी:

१. छापील वस्तूवर फक्त स्वतःच्या मालकीच्या पत्त्याचा क्यूआर टाका. 'डॉट इन' पत्ता वर्षाला काहीशे रुपयांत मिळतो. आतून कुठे पाठवायचं ते तुम्ही कधीही बदलू शकता, पत्रक नाही.

२. लॉगिन आणि खासगी पानांसाठी पडताळलेली लिंकच वापरा, स्वतःचा शब्द असलेली स्कीम नाही.

३. लिंकमधून आलेली प्रत्येक किंमत अनोळखी माणसाने दिलेली आहे असं समजा. रक्कम, नंबर, पत्ता, सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासा.

४. प्रोजेक्ट सोडून जाताना पत्त्याचा पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख मालकाला लिहून द्या. कोड कोणीतरी वाचून काढेल, पण मुदत संपलेला पत्ता उद्या दुसराच कोणी विकत घेऊ शकतो. मग तुमच्या जुन्या क्यूआरवरून लोक त्याच्या पानावर जातील, आणि वर नाव मात्र क्लासचं असेल.

यूपीआय, अँड्रॉइड, आयओएस, रिझर्व्ह बँक, सगळे हळूहळू एकाच दिशेला चाललेत: लिंक जे सांगते ते ऐकायचं, पण मान्य करण्याआधी दुसरीकडे विचारायचं. यंत्रणेत ही सवय यायला बारा-तेरा वर्षं लागली. आपल्या अंगठ्याला ती याच आठवड्यात लागू शकते. पुढची लिंक आली की दाबण्याआधी तिच्यावर बोट धरून ठेवा, पूर्ण पत्ता समोर येईल. तो शेवटपर्यंत वाचा, आणि मग ठरवा.